वाचा गेली म्हणून समज जाते का?

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे सासरे, सकाळी पूजेला बसले होते. हातातली पळी ताम्हनात पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांची हाक आली. पण त्या हाकेत माझे नाव नव्हते, कुठलाच शब्द नव्हता. धावत जाऊन पाहते तो तोंडाचा उजवा कोपरा लोंबलेला आणि उजवा हात मांडीवर लुळा पडलेला. हे घरातच होते म्हणून तासाभरात दवाखाना गाठता आला. जीव वाचला. पुढे महिन्याभरात हातही थोडाथोडा उठू लागला. बोलणे मात्र परत आले नाही. 'पाणी' म्हणायला जावे तर तोंडून 'पा... पा...' एवढेच यायचे, आणि मग डोळ्यांत पाणी.

डॉक्टर म्हणाले, हा वाचाघात. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेचे काम चालते, तिथला रक्तपुरवठा तुटला की असे होते. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांत एकाला हा त्रास होतो. कुणाचे शब्द अडतात, कुणी घडाघडा बोलतो पण त्यात अर्थ नसतो, कुणाला ऐकलेले कळत नाही. कुणाचे काय गेले आहे हे ठरवायला भाषेची चाचणी घेतात.

अण्णांचीही घेतली. दवाखान्याचे नाव कशाला घ्यायचे! चाचणी घेणारी मुलगी स्वभावाने गोड होती, पण तिच्या हातातला कागद इंग्रजी होता आणि ती जागच्या जागी त्याचे मराठी करून विचारत होती. एका चित्रात माणसाएवढे उंच, तारांचे परदेशी वाद्य होते. अण्णांनी ते जन्मात पाहिले नव्हते. त्यांनी मान हलवली. शून्य! मग प्रश्न आला, "आजोबा, जुलैमध्ये बर्फ पडतं का?" अण्णा विचारात पडले. आमच्याकडे बर्फ कुठल्याच महिन्यात पडत नाही, मग हिने जुलै का विचारला? उत्तर येईना. पुन्हा शून्य! अहवालात शेवटी एक ओळ आली : आकलन फारच कमी.

त्या एका ओळीने आमचे घर बदलले. ह्यांनी अण्णांचे पेन्शनचे पासबुक आपल्या कपाटात ठेवले. सासूबाई त्यांच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावे तसे बोलू लागल्या. मी स्वतः त्यांच्या देखत त्यांच्याविषयीच बोलू लागले, "अण्णांना आता काही कळत नाही हो," असे. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. एखाद्या मुलाला प्रश्नच नीट कळला नसेल तर तो 'ढ' ठरत नाही, हे मला वर्गात कळते. घरात कळले नाही.

शेजारणीची आई

दिवाळीला माझी धाकटी नणंद दुबईहून आली. वडिलांची दशा पाहून रडली, आणि मग म्हणाली, "वहिनी, माझ्या शेजारणीच्या आईचं अगदी अस्संच झालं होतं."

ही शेजारीण फिलिपीन्सची, नर्स आहे. तिची आई मनिलाच्या उत्तरेला बुलाकान प्रांतातल्या एका गावात राहते. आईला तिकडे 'नानाय' म्हणतात. नानायचे घराच्या खिडकीतच छोटे दुकान आहे. साबण, तांदूळ, सुट्या गोळ्या, तेलाच्या पुड्या, सगळे मिळते. असल्या दुकानाला तिकडे 'सारी-सारी स्टोअर' म्हणतात, सारी-सारी म्हणजे नाना तऱ्हेचे. आपले कोपऱ्यावरचे किराणा दुकानच समजा. सत्तरी ओलांडलेल्या नानायला झटका आला, वाचा गेली, आणि तिचीही चाचणी इंग्रजी कागदावरून तोंडी भाषांतर करत झाली. तिचाही अहवाल तसाच आला. मुलांनी दुकानाची खिडकी बंद केली आणि उधारीची वही उचलून ठेवली.

पुढे तिला दुसऱ्या एका वाचोपचार करणाऱ्या बाईंकडे नेले. त्यांचे प्रश्न फिलिपिनो भाषेत बसूनच तयार केलेले होते. त्या चाचणीत नानाय वेगळीच निघाली! शब्द सापडत नव्हते हे खरे, पण ऐकलेले जवळजवळ सगळे कळत होते.

एकच बाई, एकच आजार आणि निकाल दोन. हे कसे? मला चैन पडेना. नणंदेच्या फोनवरून शेजारणीशी बोलले, तिने पाठवलेले वाचून काढले, आणि ज्या गोष्टी कळल्या त्या तुम्हांलाही सांगाव्याशा वाटल्या.

'हिंदी' म्हणजे 'नाही'!

फिलिपीन्स हा सुमारे ७,६०० बेटांचा देश. भाषा १७० हून अधिक. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचे राज्य, मग १९४६ पर्यंत अमेरिकेचे (मध्ये काही वर्षे जपान्यांचे). १९३७ साली मनिलाच्या आसपासची तागालोग भाषा राष्ट्रभाषेचा पाया म्हणून निवडली गेली आणि १९८७ च्या राज्यघटनेने राष्ट्रभाषेचे नाव 'फिलिपिनो' ठेवले. तिच्या जोडीला इंग्रजीही राजभाषा आहेच.

या भाषेत 'नाही'ला 'हिंदी' म्हणतात. मला पहिल्यांदा हसूच आले. साबणाला ते 'साबोन' म्हणतात आणि बटाट्याला 'पातातास'. त्यांच्याकडे हे शब्द स्पॅनिशांनी नेले, आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांनी आणला. 'तो' आणि 'ती' यांना मिळून एकच शब्द आहे, 'सिया'. आपल्याकडे मात्र तो, ती, ते अशी तीन लिंगे.

आता इंग्रजी चाचण्यांकडे वळू. बॉस्टनची एक चाचणी १९७२ साली हॅरॉल्ड गुडग्लास आणि एडिथ कॅप्लन यांनी प्रसिद्ध केली. दुसरी अँड्र्यू कर्टेझ यांची 'वेस्टर्न अफेझिया बॅटरी', ती १९८२ ची. दोन्ही नावाजलेल्या आणि कसून तयार केलेल्या. कर्टेझ यांच्या चाचणीत चार गोष्टी प्रामुख्याने पाहतात : रोगी आपणहून कसा बोलतो, ऐकलेले किती कळते, ऐकलेले वाक्य परत म्हणता येते का, आणि वस्तूंची नावे सांगता येतात का. त्यावरून १०० पैकी एक आकडा काढतात. या चाचण्यांत खोट नाही. त्या इंग्रजी घरांसाठी बेतलेल्या आहेत, एवढेच. दुसऱ्याच्या मापाचे पोलके आपल्या अंगावर चढवले तर ते कुठे तरी उसवणारच!

कुठे कुठे उसवते?

पहिले, चित्र. बॉस्टनच्या चाचणीत एक प्रसिद्ध चित्र आहे : स्टुलावर चढून बिस्किटांची बरणी काढणारा मुलगा, आणि भांडी पुसणारी आई, जिच्या पुढची मोरी भरून पाणी जमिनीवर सांडते आहे. चित्रात काय चालले आहे ते रोग्याने सांगायचे. पण जिने उभ्या जन्मात बादली, पराती आणि 'ताबो' यांवर भांडी घासली, तिला ते भरून वाहणारे सिंक ओळखीचे कसे वाटावे? ताबो म्हणजे पाणी घ्यायचे दांड्याचे भांडे, आपल्या मगासारखे. तिथल्या घरोघरी असते.

दुसरे, हो-नाहीचे प्रश्न. जुलैतल्या बर्फाचा प्रश्न कर्टेझ यांच्या चाचणीतला आहे. जिथे हिवाळ्यात बर्फ पडते तिथे हा प्रश्न 'जुलै' हा शब्द कळला की नाही ते दाखवतो. फिलिपीन्समध्ये मात्र कुठलाही महिना घातला तरी उत्तर 'हिंदी'च. उत्तर बरोबर आले तरी महिना कळला की नाही ते समजत नाही. तिकडेही आपल्यासारखाच नैऋत्येचा पाऊस येतो, त्याला 'हाबागात' म्हणतात, आणि थंड कोरड्या ईशान्य वाऱ्याला 'आमिहान'. प्रश्न करायचाच तर त्यावर करावा.

तिसरे, रीतभात. मला हे सगळ्यांत आवडले. तिकडे वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' घालतात. नुसते 'हो' म्हणजे 'ओ-ओ', आदराचे 'हो' म्हणजे 'ओपो'. काम सांगायचे तर क्रियापदाला 'पाकी' जोडून विनंती करायची. इंग्रजी चाचणीत मात्र सुटसुटीत हुकूम असतात : हात वर, डोळे बंद. विशीतल्या मुलीने सत्तरीच्या बाईला असे फर्मावले तर बाई गप्पच बसेल. आपल्याकडची आजीसुद्धा बसेल! बरे, 'पाकी' आणि 'पो' घातले की वाक्य लांबते, आणि वाक्याची लांबी हाच तर त्या परीक्षेतला कठीणपणा. छोट्या वाक्यापासून मोठ्याकडे अशी पायरी लावलेली असते. म्हणून त्या सगळ्या पायऱ्या नव्याने बांधाव्या लागतात.

चौथे, इवलेसे शब्द. इंग्रजीत रोग्याकडून एक वाक्य म्हणून घेतात, त्यात 'जर', 'आणि', 'पण' असलेच शब्द एकापुढे एक आहेत. या शब्दांचे चित्र डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून काही रोग्यांची जीभ नेमकी तिथे अडखळते. त्याचे शब्दशः भाषांतर केले तर हातात काहीच उरत नाही. फिलिपिनोचे इवलेसे शब्द वेगळेच आहेत : 'पा' म्हणजे अजून, 'लांग' म्हणजे फक्त, 'न्गा' म्हणजे आपला 'च', आणि 'दाव' म्हणजे चक्क आपले 'म्हणे'! 'वाला ना न्गा पो' म्हणजे 'नाहीच उरलं हो आता'. दुकानदारीण नानाय हे वाक्य दिवसातून वीसदा म्हणत असेल. अडखळण पाहायची तर अशा वाक्यात पाहावी.

पाचवे, क्रियापद. 'बिली' म्हणजे विकत घेणे. 'बुमिली' म्हणजे घेतले, 'बुमिबिली' म्हणजे घेत आहे, 'बिबिली' म्हणजे घेईल. शिवाय घेणारीवर भर असला तर 'बुमिली' आणि घेतलेल्या मासळीवर भर असला तर 'बिनिली'. शब्दाच्या पोटातच अक्षर शिरते. आजाराने भाषेचा हा सांधा निखळला असेल, तर इंग्रजीवरून केलेल्या चाचणीत तो दिसणारच नाही, कारण तो तिथे विचारलेलाच नसतो.

आकडे किती, अक्षरे कुठली?

नानायची पहिली चाचणी झाली तेव्हा तिला आकडे म्हणायला सांगितले होते. तिने 'इसा, दालावा, तात्लो' अशी सुरुवात केली आणि मध्येच स्पॅनिश 'सिंको, सेइस'वर गेली. कागदावर शेरा पडला : गोंधळ. अहो, पण तिथली सगळीच माणसे असे मोजतात! हातावरच्या वस्तू तागालोगमध्ये, घड्याळाची वेळ आणि दुकानातले भाव बऱ्याचदा स्पॅनिशमध्ये, शाळेतले गणित इंग्रजीत. वीस रुपये म्हणताना आपण जसे 'ट्वेंटी' सहज बोलून जातो तसेच. म्हणून नव्या चाचणीत तिन्ही उत्तरे बरोबर धरावी लागतात. वस्तूंच्या नावांचेही तेच. दात घासायच्या ब्रशला कुणी 'सेपिल्यो' म्हणेल, कुणी 'टूथब्रश'. दोघांनाही गुण मिळायला हवेत.

अक्षरांची तर आणखी गंमत. १९४० च्या सुमारास शाळांत 'आ, बा, का, दा' अशी वीस अक्षरांची मुळाक्षरे आली. १९८७ पासून अठ्ठावीस अक्षरांची वर्णमाला आहे आणि तिची नावे इंग्रजी धर्तीवर 'एय, बी, सी' अशी. नानाय 'बा' म्हणणार, तिची नात 'बी' म्हणणार. परीक्षकाला दोन्ही माहीत नसेल तर नानाय अक्षरशत्रू ठरली!

लिहिलेल्या शब्दांवरही स्वराघाताची खूण सहसा नसते. 'पुनो'मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर झाड, शेवटच्यावर दिला तर भरलेले. चित्राकडे बोट दाखवायला सांगणाऱ्यानेच जोर चुकीचा दिला, तर चूक रोग्याची कशी?

आधी निरोग्यांची परीक्षा

तेव्हा भाषांतर करून भागत नाही. जाणकार माणसे आधी प्रश्न त्या भाषेत रचतात, दुसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करवून मूळ हेतू राहिला का ते पडताळतात, आणि मग, हे मला फार पटले, ते निरोगी माणसांना विचारून पाहतात. वेगवेगळ्या वयाच्या, चार इयत्ता शिकलेल्या आणि कॉलेजात गेलेल्या. धडधाकट माणसेच एखाद्या प्रश्नावर अडत असतील तर खोट प्रश्नात आहे. कर्टेझ यांच्या चाचणीत १०० पैकी ९३.८ च्या खाली गुण आले की वाचाघात धरतात. ही रेघ इंग्रजी बोलणाऱ्यांवरून आखलेली. ती तशीच उचलून चौथी शिकलेल्या नानायला लावता येत नाही. तिच्यासारख्यांना तपासून तिची रेघ नव्याने आखावी लागते.

या चाचणीची फिलिपिनो आवृत्ती तयार करण्याचे काम २०१२ साली अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातून पुढे आले. अमेरिकेत का, असे वाटेल; पण तिथल्या घरांत इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनी यांच्यामागोमाग तागालोगच बोलली जाते. फिलिपीन्समध्ये २०१९ साली वाचोपचाराच्या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदाही झाला. आपल्याकडेही हिंदी, कन्नड अशा भाषांत या चाचणीची रूपे केली गेली आहेत.

एक गोष्ट मात्र फिलिपिनो चाचणीनेही सुटत नाही. सेबू बेटावरच्या माणसाची मातृभाषा सेबुआनो, उत्तरेकडच्याची इलोकानो. त्याला फिलिपिनो ही शाळेत शिकलेली भाषा. म्हणून पहिला प्रश्न कागदावरचा नसतोच. तो घरच्यांना विचारायचा असतो : हे घरात कुठल्या भाषेत बोलत होते?

पासबुक परत

नानायच्या घरी संध्याकाळी सगळे मिळून जपमाळेची प्रार्थना म्हणतात. एक शब्द न बोलणारी नानाय त्या प्रार्थनेत घरच्यांच्या बरोबरीने म्हणत असे! लेकीने हे सांगितले आणि मला एकदम आठवले. आमचे चिरंजीव तिसरीत आहेत. ते पाढे घोकत होते तेव्हा भिंतीकडून आवाज आला होता, "बे दाहे वीस." मला वाटले, भास. वर्षानुवर्षे मुखोद्गत असलेले पाढे, स्तोत्रे, वारांची नावे वाचाघातातही कधी कधी शाबूत राहतात. त्यावरून सगळे बोलणे परत येईल असे म्हणता येत नाही, पण आत माणूस जागा आहे एवढे कळते.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याकडून पासबुक मागून घेतले आणि अण्णांच्या शेजारी बसून मोठ्याने वाचू लागले. एक रक्कम माझ्याकडून चुकून वाचली गेली. अण्णांनी डाव्या हाताने कॉटवर थाप मारली. मी परत वाचली, तशीच चुकीची. परत थाप, या वेळी जोरात! मग मी नीट पाहिले आणि आकडा सुधारला. अण्णांनी मान डोलावली. दारात हे उभे होते. काही बोलले नाहीत, पण ते पासबुक त्या दिवसापासून अण्णांच्या उशाखाली असते.

पुढे त्यांना शहरात दुसऱ्या बाईंकडे नेले. त्यांनी आधी घरची भाषा आणि शिक्षण विचारले, मग मराठीतच प्रश्न केले. आकलन बरेच चांगले आहे म्हणाल्या, नावे अडतात, त्यावर मेहनत करू. आता रोज दुपारी मी अण्णांपुढे घरातल्याच वस्तू मांडते : तांब्या, पोळपाट, किल्ली, अडकित्ता. परवा 'अड... कित्ता' इतके आले. नानायचीही खिडकी उघडली आहे म्हणे. ती बोटाने भाव दाखवते आणि वहीत रेघा ओढते.

तुमच्या घरी असे कुणी असेल तर

१. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी अचानक झाले तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

२. चाचणीच्या आधी स्वतःहून सांगा : घरची भाषा, शिक्षण, व्यवसाय, चष्मा, ऐकू कमी येते का. मालवणी, अहिराणी, कोकणी बोलणारे असतील तर तेही सांगा.

३. एखादी वस्तू किंवा प्रश्न त्यांच्या आयुष्यातला नाही असे वाटले तर चाचणी संपल्यावर नम्रपणे सांगा. मध्ये बोलू नका, उत्तरही सुचवू नका.

४. ओरडून बोलू नका. कान गेलेले नाहीत. छोटी वाक्ये बोला, एका वेळी एकच गोष्ट विचारा, आणि उत्तराला वेळ द्या.

५. शब्द अडला की लगेच तो पुरवू नका. खूण, चित्र, बोट दाखवणे, सगळे चालते.

६. घरातल्या वस्तूंवर सराव घ्या, पण त्याला परीक्षा करू नका. गुण देणे हे तज्ज्ञांचे काम.

७. आणि त्यांच्या देखत त्यांच्याविषयी 'यांना काही कळत नाही' असे बोलू नका. मी बोलले होते. अण्णांनी ते सगळे ऐकले आहे, आणि ज्या दिवशी त्यांना शब्द सापडतील त्या दिवशी ते मला काय म्हणतील, याचा विचार करत मी रोज त्यांच्यापुढे अडकित्ता ठेवते.